रेघ उठलेली की कोरलेली? अमळनेरच्या डब्यातल्या ११ रुपयांची केस

गेल्या वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला गावी गेलो होतो तेव्हा ही केस हातात आली. पूर्ण लिहून काढायची असं तेव्हाच ठरवलं होतं, कारण चांदीच्या जुन्या रुपयावर बारीक रेघा दिसल्या रे दिसल्या की "घासलेला आहे" म्हणून मोकळं व्हायची जी सवय आपल्या नाणी गोळा करणाऱ्यांना लागलीये ना, तिच्यापायी एका घराचं खरंच नुकसान होता होता राहिलं. आणि पहिल्या रात्री त्या नुकसानीत मीपण भर घालणार होतो, तेही लिहितो.

घर माझ्या शाळेपासूनच्या मित्राचं. त्याला अख्खी गल्ली आप्पा म्हणते, मीपण. बोरी नदीच्या पलीकडे थोडी कोरडवाहू शेती, कापूस आणि ज्वारी. मुलीची फार्मसीची ॲडमिशन आली तशी वहिनींनी माळ्यावरचा पितळी डबा खाली काढला, त्यात आजेसासऱ्यांच्या वडिलांपासून ठेवलेले ११ चांदीचे रुपये. बंदे रुपये, कलदार, म्हणजे यंत्रावर पाडलेले. आप्पा त्यातले सगळ्यात चकचकीत दोन-तीन आणि सगळ्यात जुना म्हणून व्हिक्टोरिया राणीचा एक घेऊन एका नाणे प्रदर्शनात गेला. तिथल्या स्टॉलवाल्याने १९१८ चा एक रुपया हातात घेतला, भिंग लावलं, दहा सेकंदात खाली ठेवला आणि म्हणाला क्लीन केलेलं आहे, फील्डमध्ये, मोकळ्या जागेत, हेअरलाइन्स म्हणजे घासल्याच्या बारीक रेघा आहेत, याला कलेक्टर हात लावणार नाही, मोडीच्या भावात द्यायचं तर द्या. त्याच वेळी १८८९ चा एक काळपट राणीछाप रुपया मात्र त्याला एकदम आवडला, म्हणे ओरिजिनल टोनिंग, म्हणजे न घासता आपोआप चढलेला रंग, याचे चांगले पैसे देतो.

आप्पा तसाच परत आला. वहिनींना राग आला तो पैशांचा नव्हता, घासलेलं म्हटल्याचा होता. मी चहाला बसलो तर डबाच समोर आणून ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊ, हाऊ रुपया मन्हा सासरानी कधीच घासेल नही, खोटं बोलस तो माणूस."

आता घरच्यांच्या सांगण्यावर नाण्याचा निकाल लावता येत नाही हे खरंय. प्रत्येक घरात कोणीतरी कधीतरी घासलेलं असतं आणि ते कोणाला आठवत नसतं. पण घरच्यांचं सांगणं हा पण एक धागा आहे, तो टाकून द्यायचा नाही. मी ११ ही रुपये घेऊन घरी आलो.

आधी डब्यात काय होतं ते. राणीचा एक, १८८९. एडवर्डचे तीन, १९०३, १९०५ आणि १९०७. बाकी सात पंचम जॉर्जचे, १९१२, १९१४, १९१६, १९१७ आणि १९१८ चे तीन. वजनाला सगळे बरोबर, ११.६६ ग्रॅमच्या आसपास, जे झिजलेले ते थोडे कमी. १८३५ च्या कायद्याने रुपया १८० ग्रेनचा ठरला आणि तोच तोळा, म्हणून जुनी माणसं चांदी रुपयाने तोलायची, आज सराफ बाजारात १० ग्रॅमला तोळा म्हणतात तो वेगळा. त्यात १२ पैकी ११ भाग चांदी आणि एक भाग तांबं. ते तांबं असतं म्हणून रुपया थोडा कडक, पण थोडाच. दगडाच्या पिठापुढे, म्हणजे आपल्या रांगोळीपुढे चांदीचं काही चालत नाही.

पहिल्या रात्री मी हॉलच्या ट्यूबलाइटखाली बसलो. १९१८ चा तो बदनाम रुपया हातात धरला आणि खरं सांगतो, मलापण वाटलं की स्टॉलवाला बरोबर आहे. राजाच्या नाकासमोर जी मोकळी जागा आहे, ज्याला आपण फील्ड म्हणतो, तिथे तिरप्या बारीक रेघांचा झुबका. मानेमागे एम्परर शब्दाच्या आतल्या बाजूला अजून काही. फोनने फोटो काढला तर त्यात तर आणखीनच भयानक दिसलं, जसं कोणी तारेच्या घासणीने पुसलंय. मी वहिनींना काय सांगायचं याची वाक्यं मनात जुळवायला लागलो होतो.

आणि लाइट गेली. वैशाखातलं भारनियमन, त्याला काय वेळकाळ. पंखा बंद, घामाने भिंग घसरतंय, नाणं खाली ठेवायच्या आधी म्हणून मोबाइलचा टॉर्च एका बाजूने, अगदी आडवा, टेबलाला लागून धरला आणि रेघा एकदम वेगळ्याच दिसल्या. ट्यूबचा उजेड लांबलचक दांडीवरून पसरून येतो, तो रेघेच्या दोन्ही बाजूंवर पडतो, त्यामुळे रेघ आहे एवढं कळतं पण ती वर आलीये की आत गेलीये ते कळत नाही. एकाच ठिकाणाहून येणारा उजेड असला की सावली पडते आणि सावली खोटं बोलत नाही. म्हणजे बोलते, पण दिवा कुठे आहे हे आपण विसरलो तरच, त्यावर येतो.

इथे थोडं थांबून रेघा पडतात कशा ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील.

रुपया छापला जातो तो पोलादी साच्याने, त्याला डाय म्हणतात. डायमध्ये सगळं उलटं असतं. नाण्यावर राजाचं डोकं वर आलेलं, तर डायमध्ये ते खड्डा. नाण्यावरची सपाट मोकळी जागा डायमध्ये सगळ्यात उंच. आता टांकसाळीत डाय खराब झाला, गंज चढला, किंवा मध्ये चांदीची कोरी चकती न येताच वरचा-खालचा डाय एकमेकांवर आदळले आणि एकाची नक्षी दुसऱ्यावर उमटली, तर कारागीर डाय काढून पॉलिश पेपरने नाहीतर दगडाने तो घासतो. नवीन डायलापण शेवटचा हात मारतातच. त्या घासण्याने डायवर बारीक चरे पडतात. आणि पुढच्या प्रत्येक रुपयावर, दाब पडला की चांदी त्या चऱ्यांमध्ये शिरते आणि नाण्यावर त्याच रेघा उठून येतात. म्हणजे घासलं खरंच गेलं होतं, पण रुपया जन्माला यायच्या आधी आणि रुपयाला नाही, डायला. यांना डाय पॉलिश लाइन्स म्हणतात. याने नाण्याची किंमत कमी होत नाही, ती टांकसाळीचीच खूण आहे.

उलट माणसाने नाणं घासलं की चर नाण्यात जातो. कापड, अंगठा, राख, टूथपेस्ट, काहीही असो, धातू खरवडून आत गेलेली रेघ. हीच ती खरी हेअरलाइन.

म्हणजे अख्खा प्रश्न एवढाच उरतो, रेघ उठलेली की कोरलेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडक्या लावून घेतल्या, टेबल लॅम्पला जुना पिवळा बल्ब लावला, १० पॉवरचं भिंग घेतलं आणि दिवा नाण्याच्या डाव्या बाजूला खाली ठेवला. पद्धत साधी आहे, पण तिला एक खुंटी लागते. किंग शब्दातलं पहिलं अक्षर घ्या. ते उठावाचं आहे यात तर वाद नाही. दिवा डावीकडे आहे म्हणून अक्षराची डावी कड उजळलेली आणि उजवीकडे सावली. आता त्याच्या शेजारची रेघ बघा. तिचीपण डावी कड उजळ आणि उजवीकडे काळी असेल तर ती अक्षरासारखीच उठलेली आहे. जर दिव्याकडची बाजू काळी आणि लांबची बाजू चमकत असेल तर तो चर आहे, कारण चराच्या पलीकडच्या भिंतीवर उजेड पडतो. बस. मग नाणं अर्धं फिरवायचं आणि पुन्हा तेच बघायचं. दरवेळी शेजारच्या अक्षराशी ताडून बघायचं, नुसत्या रेघेकडे बघायचं नाही. कारण आपल्या डोळ्यांना सवय असते की उजेड वरून येतो, त्यामुळे दिवा खालून असला तर खड्डा टेकडीसारखा दिसतो आणि टेकडी खड्ड्यासारखी. चांगली अनुभवी माणसं याला फसतात, फोटोवरून निकाल देणारे तर सर्रास, कारण फोटोत दिवा कुठे होता तेच माहीत नसतं.

नाकासमोरच्या सहा ठळक रेघा मी एकेक करून बघितल्या. सहाच्या सहा अक्षराच्या बाजूने बोलल्या. उठलेल्या.

तरी माझं समाधान झालं नव्हतं, इतक्या बारीक रेघेत सावली ओळखताना मन आपल्याला हवं ते दाखवतं आणि मला तर वहिनींचं खरं निघावं असं मनातून वाटत होतं, म्हणून दुसरी गोष्ट बघितली, रेघ थांबते कुठे. मला विचाराल तर हीच जास्त भरवशाची. डायमध्ये फील्ड उंच आणि अक्षरं खोल, त्यामुळे डाय घासणाऱ्याचा दगड फक्त उंच जागेवरून फिरतो, अक्षरांच्या खड्ड्यात उतरत नाही. मग नाण्यावर काय दिसतं? रेघ फील्डमधून येते, अक्षराच्या अगदी बुडाला जाऊन टेकते, आणि तिथे संपते. अक्षराच्या माथ्यावर चढत नाही. कधीकधी अक्षराच्या दुसऱ्या बाजूने तीच रेघ पुन्हा सुरू होते, जशी काही अक्षराच्या खालून बोगद्यातून गेली. घासलेल्या नाण्यावर बरोबर उलटं. तिथे कापड नाण्यावरून फिरलेलं असतं, ते अक्षराच्या माथ्यावर चढतं, राजाच्या गालावरून जातं, आणि अक्षराच्या बुडाशी जो कोपरा असतो तिथे मात्र पोचत नाही, उडी मारून पुढे जातं. त्यामुळे माथ्यावर रेघा आणि कोपऱ्यात जुना काळा थर तसाच.

त्या रुपयावर किंगच्या अक्षरांमधून एक रेघ अशी गेली होती की भिंगातून बघत राहावं. एका अक्षराच्या पायाला टेकली, माथा कोरा, पलीकडे परत सुरू, पुढच्या अक्षराला टेकली, पुन्हा माथा कोरा. तारेवर मणी ओवल्यासारखं. कुठलंही फडकं असं चालू शकत नाही.

आणि चमक. नवीन छापलेला रुपया दिव्याखाली तिरपा धरून गोल फिरवला की उजेडाचे दोन पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. हे चांदी पॉलिश केल्याने येत नाही. दाबाखाली धातू मधून काठाकडे सरकतो त्याच्या सूक्ष्म लहरी राहतात, त्यांच्यामुळे येतं. घासलं की त्या लहरी कापल्या जातात, ॲसिडच्या डिपमध्ये जास्त वेळ बुडवलं की विरघळतात, आणि नाणं मग चमकतं खरं पण स्टीलच्या वाटीसारखं, सगळीकडून एकसारखं. या रुपयावर पट्टा रेघांच्या झुबक्यावरून न तुटता सरळ निघून जात होता.

इथपर्यंत केस वहिनींच्या बाजूने. पण मग गालावर आलो. राजाच्या गालावर आणि मुकुटाच्या पुढच्या कडेवर चार-पाच आखूड, किंचित वळलेल्या रेघा होत्या. दिव्याची परीक्षा लावली तर या कोरलेल्या. साफ चर. आणि गालाचा भाग डायमध्ये खोल असतो, तिथे डाय पॉलिशची रेघ सहसा येतच नाही. म्हणजे कोणीतरी, कधीतरी, अंगठ्याने नाहीतर सदऱ्याच्या टोकाने राजाचं तोंड पुसलेलं होतं. वळण अंगठ्याच्या फिरण्यासारखंच. कदाचित प्रदर्शनाला नेताना आप्पानेच खिशात टाकण्याआधी पुसलं असेल, त्याला विचारलं तर तो म्हणतो आठवत नाही, आणि मी जास्त ताणलं नाही.

आता याला घासलेलं म्हणायचं का? यावर माझा आणि धुळ्याच्या नानांचा चांगला तासभर वाद झाला. नाना आमच्या भागातले जुने संग्राहक, मला भिंग धरायला त्यांनीच शिकवलं. त्यांचं म्हणणं, पुसलं ते पुसलं, चर म्हणजे चर, पाकिटावर लिहून टाक. माझं म्हणणं थोडं वेगळं होतं. लिहायचं तर नक्की, लपवायचं काहीच नाही, पण काय लिहायचं याला अर्थ आहे. अख्ख्या नाण्यावर एका दिशेने किंवा गोल गोल फिरलेले शेकडो चरे, मेलेली चमक, कोपऱ्यातला काळा थर, हे सगळं एकत्र दिसतं तेव्हा ती सफाई. गालावर चार चरे आणि बाकी चमक शाबूत, ही हाताळणी. ११ रुपये एका डब्यात १०० वर्षं खडखडले तरी ओरखडे पडतात, ते वेगवेगळ्या दिशांना, वेगवेगळ्या लांबीचे असतात, त्यांना कोणी सफाई म्हणत नाही. ग्रेडिंग करणाऱ्या, म्हणजे नाणं तपासून त्याची प्रत ठरवणाऱ्या कंपन्यापण सफाई ठळक असली तर "डीटेल्स" म्हणून बाजूला काढतात, थोड्या बारीक रेघा असल्या तर ग्रेड खाली आणतात, दोन्हीला एकाच पारड्यात टाकत नाहीत. नाना शेवटी म्हणाले, मला फील्डच्या रेघा डायच्याच आहेत याचा याहून पक्का पुरावा दे, मग बोलू.

त्यांनी मागितला म्हणून मी डब्यातले १९१८ चे बाकी दोन रुपये नीट काढून बघितले, नाहीतर खरंच बघितले नसते. त्यातल्या एकाच्या मागच्या बाजूला खालच्या कमळाच्या फुलाखाली ठिपका नाही, म्हणजे कलकत्त्याचा. दुसऱ्याला बारीक उठावाचा ठिपका, म्हणजे मुंबईचा. आमच्या बदनाम रुपयालापण ठिपका होता. हा मुंबईचा दुसरा रुपया काळवंडलेला होता, निळसर करडा, म्हणून आप्पाने तो प्रदर्शनात नेलाच नव्हता. दिव्याखाली धरला आणि नाकासमोर बघितलं.

त्याच रेघा. तोच तिरपेपणा, किंगच्या पायापासून नाकाकडे. दोन रेघा एकमेकींना जिथे कापत होत्या ती फुली त्याच जागी. अक्षरांमधून मणी ओवल्यासारखी जाणारी ती रेघपण तिथेच. मी दोन्हींचे फोटो एकाच दिव्यात, एकाच अंतरावरून काढले, बटर पेपरवर पहिल्याच्या रेघा गिरवल्या आणि तो कागद दुसऱ्याच्या प्रिंटवर ठेवला. बसल्या. सहापैकी चार ठळक, दोन जवळपास गेलेल्या. आणि त्या दोन का गेल्या तेही समजण्यासारखं आहे, डायने जसजसे रुपये पडत जातात तसतसा डाय स्वतः झिजतो आणि त्याच्यावरचे बारीक चरे बुजत जातात, म्हणजे आपला चकचकीत रुपया आधी पडलेला आणि हा काळवंडलेला नंतर.

दोन वेगवेगळ्या नाण्यांवर, फडक्याने, एकाच जागी, एकाच कोनात, एकाच फुलीसकट त्याच रेघा ओढणारा माणूस अजून जन्माला आलेला नाही. एवढं बघितल्यावर नानांनी फोनवर नुसतं "हं" केलं. त्यांच्याकडून तेवढं आलं म्हणजे पुष्कळ झालं.

एकाच डायचे दोन रुपये एका घरात कसे, हा प्रश्न मला दोन दिवस छळत होता. त्या साली दोन्ही टांकसाळींनी मिळून कोट्यवधी रुपये पाडले होते. पहिल्या महायुद्धात चांदीच्या रुपयाची मागणी इतकी वाढली की १९१७ च्या ३० नोव्हेंबरला सरकारला एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली, आणि १९१८ मध्ये अमेरिकेने पिटमन ॲक्ट करून स्वतःचे चांदीचे डॉलर वितळवले, २५ कोटींहून जास्त डॉलरची चांदी इंग्रजांना विकली, ती इकडच्या रुपयांसाठी. अशा घाईच्या काळात एकेक डाय शेवटपर्यंत वापरलेला, मध्ये मध्ये घासून परत लावलेला असणार, त्यामुळे त्या सालच्या रुपयांवर पॉलिशच्या रेघा दिसल्या तर मला तरी नवल वाटत नाही. आणि आप्पाच्या घरात सांगतात की हे पैसे कापसाचे. पणजोबांनी जिनिंगला कापूस घातला आणि रोख रुपये घेऊन आले. नवीन रुपयांची थैली टांकसाळीतून खजिन्यात आणि खजिन्यातून व्यापाऱ्याकडे न फुटता आली असेल तर एकाच डायचे शेजारी शेजारी पडलेले रुपये एकाच शेतकऱ्याच्या उपरण्यात बांधले जाणं सहज शक्य आहे. ही घरातली गोष्ट आहे, कागद नाही. पण नाणी तिच्याशी भांडत नाहीत.

राहिला राणीछाप, ज्याच्यावर स्टॉलवाला खूश होता. १८८९ चा, काळपट, दिसायला खरंच देखणा. दिवा आडवा धरला आणि माझं मन खट्टू झालं. राणीच्या गालावर, कपाळावर, चोळीच्या नक्षीच्या उंचवट्यांवर आणि तिच्या नावाच्या अक्षरांच्या माथ्यावर गोल गोल फिरलेले चरे. सगळे कोरलेले. अक्षरांच्या बुडाशी कोपऱ्यात वेगळ्याच रंगाचा, दाट काळा, जुना मळ, आणि बाकी नाण्यावर पातळ एकसारखा करडा रंग. फिरवलं तर आरे नाहीत, मेलेला उजेड. आणि महत्त्वाचं, काळेपणा चऱ्यांच्या आत उतरलेला होता. रेघ काळेपणाच्या नंतरची असती तर ती काळ्यातून पांढरी चमकली असती. इथे रेघ आधी, काळेपणा नंतर. म्हणजे एके काळी चांगला घासून लख्ख केलेला रुपया, मग पुढे कित्येक वर्षं न घासता ठेवला आणि हवेतल्या गंधकाने तो हळूहळू परत काळा झाला. लोक ज्याला ओरिजिनल टोनिंग म्हणत होते तो घासलेल्या नाण्यावर नंतर चढलेला काळेपणा.

वहिनींना विचारलं की लक्ष्मीपूजनाला कुठला रुपया काढायचे. त्यांनी विचारसुद्धा केला नाही. "पूजाले राणीना रुपया ठेवेत, राजाना डबाम्हाच राहेत." सासूबाई दरवर्षी धनत्रयोदशीला चिंच लावून, रांगोळीने घासून, दुधाने धुऊन तो चौरंगावर ठेवायच्या. त्या गेल्यावर वहिनींनी नवीन लक्ष्मी-गणपतीचं चांदीचं नाणं आणलं आणि राणी कागदात गुंडाळून डब्यात गेली. म्हणजे वहिनी पहिल्या दिवशी जे म्हणाल्या ते शब्दशः खरं होतं. राजाचा रुपया खरंच कोणी घासला नव्हता.

एडवर्डच्या १९०७ वरपण रेघा होत्या, त्याचं थोडक्यात सांगतो कारण हा तिसराच प्रकार आहे आणि यात भलेभले फसतात. गालाच्या सगळ्यात उंच जागी आणि दाढीच्या वरच्या भागात सरळ, एकदम समांतर, पट्टीने आखल्यासारख्या रेघा, आणि त्या कोरलेल्या होत्या. दोन्ही परीक्षांत नापास. पण जरा खाली, जिथे ठसा नीट उमटला होता तिथे पोचल्या की त्या अचानक गायब. या चकतीच्या रेघा. चांदीची पट्टी रोलरमधून ओढताना तिच्यावर ओरखडे पडतात, मग त्यातून चकती कापतात, आणि छापताना डायच्या सगळ्यात खोल जागेपर्यंत धातू पोचला नाही तर तिथे चकतीचा जुना ओरखडा तसाच राहतो. बाकी ठिकाणी दाबाने पुसला जातो. फडकं असं उंच जागेपुरतं, पट्टी लावून चालत नाही. अल्बमच्या प्लास्टिकच्या खिडकीतून नाणं वर्षानुवर्षं आत-बाहेर सरकवलं तरी गालावर अशाच समांतर रेघा येतात म्हणून मी आधी त्या शक्यतेवर थोडा वेळ घालवला, पण हा रुपया अल्बममध्ये कधी गेलाच नव्हता, आणि रेघा दाढीच्या ठशाशी जिथे थांबत होत्या ती जागा प्लास्टिकला जमणारी नाही.

बुऱ्हाणपूरच्या टांकसाळीचे मोगली रुपये ज्यांनी हाताळलेत त्यांना सराफांच्या खुणा माहीत आहेत, खरेपणा तपासायला मारलेले बारीक ठसे. तिथे आपण आधी विचारतो ही खूण कोणी आणि का केली. कलदारावरच्या रेघेला तेवढा वेळ द्यायला मात्र आपल्याला जड जातं.

मग आप्पाच्या ओट्यावर बसून मी प्रत्येक रुपयाचं पाकीट केलं आणि काय दिसलं ते पाकिटावर लिहिलं. १९१८ मुंबई, चकचकीत: फील्डमधल्या रेघा डायच्या, गालावर पुसल्याचे चार-पाच चरे. १९१८ मुंबई, काळवंडलेला: त्याच डायचा, न घासलेला. १८८९: जुनी सफाई, नंतर काळा पडलेला. आप्पा म्हणाला राणीचं कशाला लिहितोस, त्या माणसाला आवडलाय तर देऊन टाकू. वहिनींनीच त्याला गप्प केलं. आपल्या रुपयाला खोटं म्हटलं तर राग आला ना, मग आपण तेच करायचं का, असं काहीतरी त्या म्हणाल्या, जास्त ठसक्यात.

काळवंडलेला १९१८ नानांनी घेतला, पाकिटावरचं वाचून आणि स्वतः अर्धा तास दिव्याखाली बसून, चांदीच्या भावाच्या कितीतरी वर. सोबत एडवर्डचे दोन गेले. चकचकीत जोडीदार मी विकू नका म्हटलं, निदान इतक्यात तरी नको, जोडी तुटली तरी त्याचा फोटो दुसऱ्याला आधार आहे, आणि दोन्ही पाकिटांत मी एकमेकांचे फोटो घातलेत. राणी विकायचा विषय वहिनींनी स्वतःच बंद केला, तो सासूबाईंच्या हाताचा रुपया आहे म्हणाल्या, त्यांचेच चरे आहेत ना ते. ॲडमिशनला बाकी पैसे कमी पडले ते आप्पाने सोसायटीतून उचलले.

निघताना मी नेहमीचं सांगितलं, कडेने धरा, पुसू नका, नरम प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटात ठेवू नका त्याने हिरवा चिकट थर येतो, रबर बँड लावू नका त्यात गंधक असतं. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि दारापर्यंत येऊन विचारलं, "मंग आते दिवाईले काय घासू?" मी म्हटलं, समया आहेत की पितळेच्या दोन, त्या घासा मनसोक्त.